फाटक्या कडांचं कार्ड

दर्शना राऊळला कार्डं बनवायचा नाद लागला तो ठाकूरद्वारला, लग्नपत्रिकांच्या दुकानात. कॉलेज अर्धवट सोडून ती तिथे कामाला लागली आणि दुकानाला कुलूप लागेपर्यंत तिथेच राहिली. मुलीकडच्यांना सोनेरी गणपती हवा असायचा, मुलाकडच्यांना ‘सिंपल पण रिच’ काहीतरी, आणि दोन्हीकडच्या मामांची नावं एकाच ओळीत, एकाच टायपात बसवायची असायची. ही सगळी कसरत दर्शना करायची. छापून आलेल्या गठ्ठ्यातल्या पहिल्या काही पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद-कुंकूही तीच लावून द्यायची, कारण मालकाचा तिच्या हातगुणावर भलताच विश्वास. अर्धं गिरगाव तिने असं कागदावर उजवून दिलं. तिचं स्वतःचं मात्र राहून गेलं. का राहिलं, असं कोणी खोदून विचारलं की ती म्हणायची, “पत्रिका पसंत पडली नाही,” आणि विचारणारीला कळायचं नाही की कुठली.

मग लग्नाची बोलावणी मोबाइलवर ढोलताशासकट नाचायला लागली आणि छापील पत्रिका देवापुढे ठेवण्यापुरती उरली. मालकाने दुकान विकलं. उरलासुरला कागद भंगारात द्यायला त्याचा जीव होईना, तेव्हा त्याने तो दर्शनाला घेऊन जा म्हटलं. टॅक्सीच्या डिकीत कोंबून तिने तो काळाचौकीला चाळीत आणला आणि अप्पांच्या खाटेखाली सरकवला. हस्तिदंती होता, मोरपंखी होता, आणि एका बड्या घरच्या मोडलेल्या लग्नाच्या ऑर्डरीतला जाडजूड काळाही होता.

आता दिवसभर ती साड्यांना फॉल लावायची आणि अप्पांचं करायची. अप्पा म्हणजे तिचे वडील, गुणाजी राऊळ. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनक्या केल्या, पुढे घरी बसले, आणि मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवरच होते. त्यांचं पुसणं, भरवणं, कूस बदलणं झालं, फॉल शिवून हातावेगळे केले, की मग दर्शना जमिनीवर जुनी चादर अंथरून कागद काढायची. तेवढा वेळ तिचा स्वतःचा.

हा वेळ सत्कारणी लावायला तिला एक ग्रुपही सापडला होता. ‘कागदवेडे’ त्याचं नाव. दादरच्या अपूर्वाताई तो चालवायच्या. दर पंधरा दिवसांनी एक विषय द्यायचा, सगळ्यांनी त्यावर कार्ड बनवायचं, फोटो टाकायचा, आणि अपूर्वाताईंनी एक मानकरी निवडायचा. कधी ‘फक्त पिवळा’, कधी ‘खिडकी’, कधी ‘एकच अक्षर’. ग्रुपमध्ये परदेशी मशिनं बाळगणाऱ्या बायका होत्या, त्यांच्यात ही टोच्या आणि जुनी पट्टी घेऊन बसलेली. पण दर्शनाचं कार्ड आलं की खाली बदामांची रांग लागायची. ‘दर्शनाताई, तुमच्या हातात जादू आहे’ असं कोणीतरी लिहायचंच. काळाचौकीत तिला कोणी ताई म्हणत नव्हतं. इथे ती गुणाजीची पोर होती, ती न उजवलेली.

शेजारच्या चंपाकाकू दारात येऊन हे सगळं बघायच्या. “एवढी डोळेफोड करून पाठवतेस कोणाला गं?” त्यांनी एकदा विचारलं.

दर्शना डिंक लावत राहिली. कार्डं ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. वाढदिवसाची, बारशाची, ‘लवकर बरे व्हा’ची, सगळी कोऱ्या पाकिटांसकट. पाठवायला होतं कोण?

होता एक. पण तो तिचं तोंड बघायला तयार नव्हता.

सुशांत तिचा थोरला भाऊ. चाळ बिल्डरकडे गेली आणि अप्पांच्या माघारी नवी खोली कोणाच्या नावावर करायची, असं चाळीच्या कमिटीने विचारलं, तेव्हा अप्पांनी दर्शनाचं नाव सांगून टाकलं. मुलाला विचारलं नाही, सुनेला सांगितलं नाही. सुशांतला ते कळलं कॅरम खेळताना, दुसऱ्याच्या तोंडून. तो तणतणत वर आला. बापलेकाची अशी जुंपली की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. शेवटी अप्पा म्हणाले, “जा, सासऱ्याकडे जाऊन घरजावई हो.” कोकणातल्या माणसाच्या हे किती जिव्हारी लागावं? सुशांतने बायकोला, मालनला, बॅग भरायला लावली आणि तो खरोखरच वेंगुर्ल्याच्या पलीकडे तिच्या माहेरी जाऊन राहिला. दर्शनाचा नंबर त्याने ब्लॉक केला. राऊळांपैकी कोणाशीच त्याने संबंध ठेवला नाही. चंपाकाकूंनी आपल्या फोनवरून लावून बघितला, तर ‘काळाचौकी’ एवढा शब्द ऐकून त्याने कट केला.

अप्पा पडले तेव्हापासून त्यांचा ताठा मात्र उतरला होता. जिन्यात पावलं वाजली की मान वळायची. “सुशांत काय गो?” असं विचारायचे. पोस्टमन असायचा, नाहीतर केबलवाला. डॉक्टर म्हणाले होते की आता दिवस थोडे, खाण्यापिण्याची हौस पुरवा. त्यांची हौस एकच होती आणि ती बाजारात मिळत नव्हती. बाप जाण्याआधी भावाने एकदा येऊन त्यांच्यापुढे उभं राहावं, एवढंच दर्शनाला हवं होतं. खोली गेली खड्ड्यात, असं ती मनाशी शंभरदा म्हणाली होती.

अशात ग्रुपवर नवा विषय आला. ‘कात्री बंद!’ कात्री नाही, कटर नाही, प्रत्येक कड हातानेच फाडायची. रंग तीनच, काळा, पांढरा आणि आवडीचा एक. आणि अपूर्वाताईंनी एक जादा अट घातली होती. कार्ड डब्यात पडून राहायचं नाही, ते खरोखर पोस्टाने कोणालातरी जायला हवं. शक्यतो अशा कोणाला, की ज्याच्याशी बोलणं राहून गेलंय. पावतीचा फोटो टाकायचा आणि कार्ड मिळालेल्या माणसाची प्रतिक्रिया नंतर ग्रुपला कळवायची.

दर्शनाने ते दोनदा वाचलं. मग तिला वाटलं, हे आपल्यासाठीच आलंय. फोन कट करता येतो, कार्ड कसं कट करशील?

ती कामाला बसली. मोडलेल्या लग्नातला तो काळा कागद तिने बाहेर काढला. त्याची मेख तिला दुकानापासून माहीत होती. वरून काळाभोर, पण पोटात पांढरा, आपल्याकडे ओढून फाडला की कडेला पांढरी रेघ सुटते. तिने तो हळूहळू, अंगठ्याने दाबत फाडला. एकावर एक तीन थर लावले, प्रत्येकाची कड ओबडधोबड, पांढरट. मधोमध अप्पांचा फोटो. गिरणीच्या स्पोर्ट्सला काढलेला, कबड्डीच्या टीमच्या फोटोतून त्यांचा हसरा चेहरा तिने बोटांनीच फाडून वेगळा केला. तिसरा रंग पिवळा. त्याचे कपटे चुरगळून तिने झेंडू केले आणि फोटोच्या पायाशी ओळीने चिकटवले. खाली फाडलेल्या पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द लावला, ‘आठवण’.

आतल्या पानावर तिने लिहिलं: ‘सुशांत, अप्पा रोज तुझी आठवण काढतात. पडल्यापासून खाटेवर आहेत. माझ्यावरचा राग माझ्यावर ठेव, त्यांना एकदा भेटून जा. दर्शी.’ टपालात कार्ड उघडून चुरगळू नये म्हणून तिने मधून कागदाची पट्टी गुंडाळली आणि वर काळ्या दोऱ्याची गाठ मारली.

वाचणाऱ्याच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. दर्शनाच्या आलं नाही. तिने कार्ड पंख्याखाली सुकवलं, लांब धरून बघितलं, आणि इतक्या वर्षांत आपण याहून सुंदर काही केलं नाही असं तिला वाटलं. ते खरंही होतं. पण जन्मभर पत्रिकांना कुंकू लावणाऱ्या बाईला एक साधी गोष्ट दिसू नये, याला काय म्हणायचं! ग्रुपवर तिने फोटो टाकला. बदामांचा पाऊस पडला. ‘अंगावर काटा आला’ असं एकीने लिहिलं, आणि तेही दर्शनाने कौतुक म्हणूनच घेतलं. चाळीत कोणाला तिने दाखवलं नाही. अप्पांच्या कानावर जाऊन उगाच आशा लागायला नको, म्हणून. लालबागच्या पोस्टात जाऊन तिने ते स्पीड पोस्टाने रवाना केलं.

कार्ड पोचलं असं मोबाइलवर दिसलं त्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. अप्पांना पेज भरवताना तिने सांगून टाकलं.

“सुशांतला पत्र टाकलंय. पोचलंय त्याला.”

अप्पांनी चमचा हाताने बाजूला केला. “काय म्हणालो तो?”

“म्हणेल कसा लगेच? येईल बहुतेक.”

झालं. त्या घटकेपासून अप्पांनी वाट बघण्याचा सपाटाच लावला. खालच्या न्हाव्याला वर बोलावून दाढी करून घेतली. धुतलेली बंडी घालून दे म्हणाले. सुशांतला बांगड्याचं तिखलं आवडतं, म्हणून बांगडे आणायला लावले, आणि तो आला नाही तेव्हा ते दर्शनाने एकटीने खाल्ले. पुन्हा आणायला लावले. दुपारी डोळा लागायला नको म्हणून ते चहा मागायचे. रोज दाढी, रोज धुतलेली बंडी. त्यांचा हा थाट बघून चाळीतली पोरं त्यांना ‘नवरदेव’ म्हणायला लागली आणि अप्पाही हसायचे. दर्शनाला मात्र आपण सांगून चूक केली असं वाटायला लागलं. आशा दाखवून न पुरवण्याइतकं वाईट काही नसतं, आणि तिच्या हातात आता पुरवणं नव्हतं.

पंधरवडा उलटत आला आणि एका दुपारी तो आला.

दर्शना दाराकडे पाठ करून फॉल शिवत होती. अप्पा पडद्यामागे, अखेर डोळा लागून झोपलेले. उंबऱ्यावर सावली पडली म्हणून तिने वळून बघितलं, तर सुशांत. खांद्याला शबनम, डोक्यावर पांढरी टोपी, गालफडं बसलेली. तिच्या हातातली सुई तशीच राहिली. आनंदाने ओरडावं असं तिला वाटलं, पण तोंड उघडायच्या आतच तो बरसला.

“झाली तुझी हौस?” तो उंबऱ्याबाहेरूनच ओरडला. “बापाशीक जाळून मोकळी झालंस, आणि माका पोस्टान कळवतंस? एक फोन करूक काय झाला होता? मी थोरलो झिल त्येंचो. खांदो देवचो अधिकार माझो होतो!”

दर्शनाला एक अक्षर कळेना. “कोणाला जाळून? तू काय बोलतोयस?”

“आता साळसूदपणा नको. दिवस मी माझे माझे घातलंय. तुझ्याकडे एकच विचारूक इलंय, की...”

पडद्यामागून आवाज आला. “दर्शा, कोण गो इलो?”

सुशांतचं वाक्य तिथेच तुटलं. त्याने चौकट धरली आणि चौकट धरल्या धरल्याच तो खाली बसला. टोपी घरंगळली. डोकं गुळगुळीत होतं, कोवळ्या खुंटांनी जेमतेम निळसर झालेलं. दर्शनाने ते डोकं बघितलं आणि एका क्षणात तिला सगळं कळलं. काळा रंग, हसरा फोटो, पायाशी झेंडू, ‘आठवण’. आणि फाटकी कड.

ती लहान होती तेव्हा या चाळीत गावाहून कार्डं यायची. एखाद्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. ते पोस्टमनच्या हातात दिसलं की आई धावत पुढे जायची, ते घरात येऊ द्यायची नाही. गॅलरीतच वाचायचं, वाचून तिथेच फाडायचं, आणि मग घरादाराने डोक्यावरून आंघोळ करायची. कोण गेलं ते पोरांना नंतर कळायचं, कोणीतरी गेलं हे त्या फाटक्या कोपऱ्यानेच कळायचं. कोपरा फाडला तर एवढं, आणि हिने चारी कडा फाडल्या होत्या. ग्रुपमधल्या बायकांकडून वर त्याची वाहवाही घेतली होती.

“मालनच्या हातात दिला पोस्टमनान,” सुशांत जमिनीकडे बघत सांगत होता. आवाज पार उतरला होता. “तिना पाकीट फोडल्यान आणि हंबरडो फोडल्यान. मी माडाकडे होतंय. धावत येवन बघतंय तर खळ्यात तुकडे पडलेले. अप्पांचो चेहरो अर्धो हय, अर्धो थंय.”

“आत लिहिलेलं बघितलं नाहीस?”

“दोरो बांधलेलो होतो. असल्या पत्राचो दोरो कोण सोडता?”

तोवर अप्पांनी हाताने पडदा सारला होता. उशीवर कोपर टेकून ते अर्धवट उठून बसले होते, दाढी केलेले, धुतलेली बंडी घातलेले. मुलाकडे बघून त्यांचा चेहरा फुलला. मग नजर डोक्यावर गेली.

“केस कोणासाठी काढलंस रे?”

गॅलरीत माणसं जमली होती, ती चंपाकाकूंनी हाताने मागे सारली. अप्पा एकदा मुलाकडे बघत, एकदा मुलीकडे. गिरणीत जन्म काढलेला माणूस, त्याला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

“दिवस घातलंस माझे?”

सुशांतने मान हलवली.

“खंय?”

“खाडीवर. भटजी म्हणाले, तारीख ठावक नाय तर पत्र गावल्यापासून धरा.”

अप्पांनी उशीवरचं कोपर सावरलं. मग एखाद्या लग्नाची चौकशी करावी तशा साध्या आवाजात त्यांनी विचारलं, “कावळो शिवलो?”

“नाय,” सुशांत म्हणाला, आणि एवढा मोठा बाप्या हमसून रडायला लागला. “दुपारपर्यंत थांबलंय, अप्पा. झाडार बसान होते, पण एक खाली इलो नाय. शेवटी दर्भाचो कावळो करून लावलो.”

“मी हयच होतंय रे,” अप्पा म्हणाले. “थंय कसो येतलंय?”

दारात चंपाकाकूंना हसू फुटलं आणि त्याच्याच मागोमाग त्या पदर तोंडाला लावून रडल्या. दर्शनाला दोन्ही जमलं नाही. तिला फक्त आपले हात दिसत होते, ज्यांनी त्या कार्डाच्या चारी कडा फाडल्या होत्या.

“कावळ्याक काय काय सांगलंस?” अप्पांनी विचारलं.

सुशांतने घरंगळलेली टोपी जवळ ओढली. अप्पांनी पुन्हा विचारलं.

“सांगलंय, खोली दर्शीक ऱ्हवां दे, मी मागूचंय नाय. सांगलंय, तिका अंतर देवचंय नाय. सांगलंय, माझी चूक झाली, मी येवक होया होतंय. तरी शिवलो नाय.”

“मी जित्तो आसताना ह्यातला एक तरी सांगलंस?” अप्पा म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, दोघं पुन्हा भांडले असते, आणि भांडताना का होईना जवळ आले असते. अप्पांनी हात पुढे केला. सुशांत उठला, खाटेपर्यंत आला, आणि त्या हाताला हात लावायच्या वेळी अंग चोरून मागे सरला. त्याने मुद्दाम केलं नव्हतं. ज्याला आपण पाणी देऊन वाटेला लावलं त्याचा हात धरायला त्याचं शरीरच तयार झालं नाही. अप्पांचा हात तसाच हवेत राहिला आणि मग त्यांनी तो चादरीवर ठेवून चादर सारखी केल्यासारखं केलं. दर्शनाने हे बघितलं. कार्डाचा घोटाळा एक वेळ ती स्वतःला माफ करू शकली असती, पण हे बघायला आपण बापाला लावलं, हे तिच्या काळजात रुतून बसलं.

संध्याकाळी मालनचा फोन आला. ती तिकडे घाबरून गेली होती. भटजी म्हणत होते, जिवंत माणसाचं केलंय, शांत करायला हवी, नाहीतर घराला बाधेल. सुशांतने शबनम उचलली. “शांत करून येतंय,” तो म्हणाला. अप्पांनी बरं म्हटलं. बांगडे ताटात तसेच राहिले, कारण स्वतःला अजून सुतकातला समजून त्याने मासे तोंडात घातले नाहीत, आणि सुतक नाही हे त्याला कोणी पटवूनही दिलं नाही.

गॅलरीत दर्शना त्याच्या मागे गेली. “सुशा, माझं चुकलं रे.”

तो जिन्याच्या तोंडाशी थांबला. “तुझ्या त्या कागदाच्या खेळापायी मी जित्त्या बापाशीक पोचवलंय,” तो म्हणाला. “ह्या पाप माझ्या हातून कसा जातला, सांग?” तो खाली उतरला.

पोस्टाच्या अटीमुळे लांबलेला निकाल दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लागला. ‘कात्री बंद’ची मानकरी, दर्शना राऊळ. अपूर्वाताईंनी तिच्या कार्डाचा फोटो फुलांच्या चौकटीत घालून वर लावला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘दर्शनाताई, ज्यांना कार्ड पाठवलंत त्यांची प्रतिक्रिया ऐकायला आम्ही सगळे उत्सुक आहोत!’ टाळ्या, बदाम, केक. बिचाऱ्या अपूर्वाताई, त्यांचा यात काय दोष? दर्शनाने तीनदा काहीतरी टाइप केलं, तीनदा पुसलं, आणि ग्रुप सोडला. बिस्किटांचा डबा तिने चंपाकाकूंच्या नातीला देऊन टाकला. उरलेला कागद रद्दीवाल्याने नेला.

सुशांत आला नाही. नंबर त्याने उघडा ठेवला होता, फोन घ्यायचा, “बघतंय, येतंय” म्हणायचा. शांत झाली, मग मालनच्या वडिलांचं दुखणं निघालं, मग काय, मग काय. अप्पांनी न्हाव्याला बोलवायचं बंद केलं. जिन्यात पावलं वाजली तरी मान वळेनाशी झाली. दर्शना ताट घेऊन जवळ बसली की दोन घास खायचे आणि तोंड फिरवायचे.

“अप्पा, असं करू नका. एवढं तरी खा.”

“माझा पान थंय वाढून झालाहा गो,” ते एकदा म्हणाले. चेष्टेत म्हणाले, की खरंच, ते तिला कळलं नाही. ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

महिना काही निघाला नाही. एका सकाळी चहा घेऊन ती खाटेपाशी गेली आणि अप्पांना हाक मारली, तर ते गेलेले होते. तोंड भिंतीकडे होतं. तिने आधी चंपाकाकूंना बोलावलं आणि मग सुशांतला फोन लावला. या वेळी कार्ड नाही, चिठ्ठी नाही, स्वतःच्या तोंडाने तिने सांगितलं. “सुशा, अप्पा गेले रे. खरंच गेले. तू निघ, आम्ही थांबतो. आज रात्रभर ठेवू, उद्या ठेवू, तू ये.”

पलीकडे सुशांत बाहेर खळ्यात आल्यासारखा वारा ऐकू आला.

“माका एकदा जमला,” सुशांत म्हणाला. “परत जमाचा नाय, दर्शी. तू कर.”

ती विनवत राहिली. शेवटी चंपाकाकूंनी तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

चाळीतल्या माणसांनी तिरडी बांधली. दर्शना साडीचा पदर खोचून पुढे झाली, तेव्हा दोन-तीन म्हातारे कुजबुजले, पण अडवलं कोणी नाही. भोईवाड्याच्या स्मशानात गुरुजींनी सामान मांडलं, जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली आणि विचारलं, “अग्नी कोण देणार? यांना मुलगा नाही का?”

“आहे,” दर्शना म्हणाली. “त्याचं करून झालंय.”

गुरुजींना काही कळलं नाही. तिने खाली वाकून पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं.